ट्रॉल्यांच्या तक्रारीबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या-कपाटांबद्दल दुकानदाराकडे तक्रार करायची म्हटलं तर "या वयात कुठे भांडत बसायचं" हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. फोनवर आपलं बोलणं तिसऱ्याच विषयावर जातं. हे कागदावर असलं म्हणजे तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचाल.

आईने पाठवलेला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. सिंकखालच्या कपाटाची बाजू खालून फुगली आहे, सनमायका कडेने सुटला आहे. झडपेच्या बिजागरीचा स्क्रू आईने नुसता बोटांनी ओढला तर तो निघून आला आणि मागोमाग भुसा सांडला. मला त्या भुशातच सगळं कळलं. प्लाय असता तर कापलेल्या कडेला एकावर एक थर दिसले असते. हा पार्टिकल बोर्ड आहे, लाकडाचा चुरा दाबून केलेला. त्याला एकदा पाणी लागलं की तो फुगतो आणि पुन्हा मूळ जागेवर येत नाही. आता कोटेशनचा कागद काढा. त्यात स्वच्छ लिहिलंय : 'मरीन प्लाय, आयएस ७१०', म्हणजे पाण्यात टिकणारा, भारतीय मानकाचा प्लाय. म्हणजे "पाणी सांडू द्यायला नको होतं, काकू" हे त्या दुकानदाराचं बोलणं निव्वळ बनवाबनवी आहे. सिंकखाली पाणी सांडणारच. चिपळूणच्या पावसात भिंतींना ओल धरते हे तर त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत.

आई, तू स्वतःला दोष देणं आधी बंद कर. ट्रॉली पायाने ढकलावी लागते ती चॅनेल, म्हणजे ती सरकते ती पट्टी, वाकडं बसवल्यामुळे, तू जास्त डबे ठेवल्यामुळे नाही.

फिटिंगवाला म्हणतो भिंत गुण्यात (काटकोनात) नाही, दुकानदार म्हणतो बोर्ड कंपनीचा, आणि कंपनीवाले म्हणणार फिटिंग चुकलं. या फुगडीत आपण पडायचंच नाही. पैसे कोणी घेतले? दुकानदाराने. माल आणि फिटिंग दोन्ही त्याच्याच कोटेशनमध्ये आहे, तेव्हा उत्तरही त्यानेच द्यायचं. भिंत वाकडी होती तर मापं घेतली त्या दिवशी बोलायचं होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झाला. कबूल केलेल्या दर्जापेक्षा कमी दर्जाचा माल देणं हा त्यात 'दोष' आहे आणि काम धड न करणं ही सेवेतली 'त्रुटी'. आपल्याकडे दोन्ही आहेत.

पावतीवर खाली छापलेलं 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य वाचून बाबा गप्प बसले, असं आई म्हणाली. ते दुकानदाराने स्वतःच छापलेलं आहे, कायद्याने नव्हे. सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे. पक्कं बिल न देणं हीसुद्धा तीच. आपल्याला त्याने 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी दिली आहे, म्हणून आता पक्कं बिलही मागायचं. बाबांनी रोख न देता चेक दिले हे फार बरं झालं. पासबुकातल्या त्या नोंदींची झेरॉक्स काढून ठेवा.

शेवटच्या हप्त्याचं काय? "आधी उरलेले द्या, मग माणूस पाठवतो" असं तो म्हणतोय. द्यायचे नाहीत. कोटेशनमध्ये शेवटचा हप्ता 'काम पूर्ण झाल्यावर' असाच आहे. काम नीट झालं की त्याच दिवशी देऊ, हेही दुकानदाराला पाठवायच्या पत्रात लिहिलं आहे, म्हणजे उद्या आपणच पैसे बुडवले अशी ओरड करायला त्याला जागा नको. आणि फिटिंगवाला आला आणि 'काम समाधानकारक' असल्या कुठल्या कागदावर सही मागू लागला तर आई, चहा दे, सही देऊ नकोस.

शेजारच्या सुतारकाकांना हात लावू देऊ नका, ते कितीही मायेने म्हणोत. दुरुस्ती झाली की पुरावा गेला. आधी फोटो काढा : फुगलेली बाजू, सांडलेला भुसा, झडपांमधली कमीजास्त फट. फटीजवळ मोजपट्टी धरून काढा.

मग पत्र. मसुदा सोबत आहे. त्यात पंधरा दिवसांची मुदत देऊन सांगितलं आहे की कोटेशनप्रमाणे प्लायची कपाटं बसवा, नाहीतर पैसे परत करा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि हेच त्याच्या व्हॉट्सॲपवरही टाका. तो फोन करून गोड बोलेल. बोलू द्या, पण प्रत्येक फोननंतर "आज आपण असं म्हणालात" एवढा मेसेज त्याला पाठवायचा.

दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवते. ती मराठीतही घेतात. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, दुकानदाराशी बोलून मिटवायचा प्रयत्न करते. त्याने नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. बाबा, 'कोर्ट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जमिनीची केस येते, म्हणून सांगते : पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ऑनलाइन दाखल होते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते, त्यामुळे रत्नागिरीला हेलपाटे नकोत. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबायचं कशाला? कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, मालाची तपासणी करावी लागली तर पाच. प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवू. आयोग दोष काढून द्यायला, माल बदलायला, पैसे परत करायला आणि वर भरपाई द्यायलाही सांगू शकतो.

तो दुकानदार मामाच्या ओळखीचा आहे हे मला माहीत आहे. मामाशी मी बोलले. तो म्हणाला, "माझं नाव घालून बिनधास्त लिहा." तेव्हा ती अडचणही नाही.

बाबा, पत्रावर पूर्ण नावाने सही करा, तारीख घाला आणि पाठवण्याआधी मला फोटो पाठवा. कोटेशनची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, दुकानदाराने "बघायला" मागितली तरी. आई, सिंकखालचं सामान सध्या गॅलरीतल्या मांडणीवर हलव, आणि फिनेल वरच्या फळीवर ठेव, छोटी तुमच्याकडे सुट्टीला येणार आहे.

तुमची,
मनू