रिटाआजी, त्या सात वर्षांसाठी थँक्यू

प्रिय रिटाआजी,

आमच्या वऱ्हाडात आजीला अहोजाहो करत नाहीत, आजी म्हटली की तू, म्हणून मीपण तुला तूच म्हणतेय. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचेल का, पोचलं तर कोणी वाचून दाखवेल का, याचा विचार खूप करून झाला आणि मग ठरवलं की आभार मानायचेत तर मानून मोकळं व्हावं, आणि चारचौघांत मानावेत, कारण रिटा मोरेनो, हॉलिवूडची ऑस्कर मिळवलेली नटी, हे तुझं नाव माहीत नसलेल्या आपल्या कितीतरी मुली आज ऑडिशनच्या रांगेत उभ्या आहेत.

मी दर्यापूरकडची. नाटकासाठी पुण्यात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पुढे सिरियलमध्ये कामं मिळायला लागली आणि पाच वर्षांत मी सहा मोलकरणी केल्या. सहा! नावं वेगळी, साडी तीच, आणि भाषा तीच, म्हणजे ती "गावठी मराठी" जी कुठल्याच गावात कोणी बोलत नाही, थोडं "व्हय", थोडं "न्हाई", वरून हेल काढायचा. माझी वऱ्हाडी त्यांना नको होती, "ती प्रेक्षकांना समजत नाही, जरा जनरल गावठी कर" असं मला सांगितलं जायचं. आणि मेकअपच्या खुर्चीत बसलं की माझ्या रंगापेक्षा दोन शेड गडद फाउंडेशन. मी एकदा विचारलं की काहून, म्हणजे का, तर उत्तर आलं, कामवाली वाटायला नको का.

त्या रात्री मोबाईलवर काहीतरी बघत बसले होते आणि तुझी एक मुलाखत समोर आली. तू सांगत होतीस की हॉलिवूडमध्ये तुला रेड इंडियन, अरब, पॉलिनेशियन बेटावरची, कुठली कुठली मुलगी करायला लावायचे, आणि त्या कशा बोलतात हे तुला माहीत नव्हतं, सांगणाराही कोणी नव्हता, म्हणून तू एकच उच्चार बनवलास आणि सगळ्यांना तोच वापरलास. आजी, मी उठून बसले. १९५० च्या दशकातली तुझी ती भाषा म्हणजे आमची जनरल गावठीच की गं!

मग मी तुझं मिळेल ते बघत गेले, वाचत गेले, दोन महिने दुसरं काही सुचलं नाही. पोर्तो रिको, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट, तिथल्या उमाकाओ गावात ११ डिसेंबर १९३१ चा तुझा जन्म, नाव रोसा डोलोरेस, घरात रोसिता, लहानपण हुंकोसच्या हिरवाईत. आई शिवणकाम करणारी. ती आधी एकटी न्यूयॉर्कला गेली, काम करून पैसे जमवले आणि परत येऊन पाच वर्षांच्या तुला १९३६ साली बोटीने घेऊन गेली. वडील आणि धाकटा भाऊ मागेच राहिले. त्या भावाचा विषय निघाला की तुझा चेहरा बदलतो, तो मी बघितलाय, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ब्राँक्समधल्या खोल्या, इंग्रजीचा एक शब्द येत नसताना शाळेत बसणं, आणि नाच शिकवायला पाको कान्सिनो, म्हणजे हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थ हिचे काका. अकराव्या वर्षी तू अमेरिकन सिनेमांचं स्पॅनिश डबिंग करत होतीस, तेराव्या वर्षी, १९४५ मध्ये ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीच्या, नाटकात. डबिंगचं वाचलं तेव्हा फार बरं वाटलं मला, कारण माझंही घरभाडं डबिंगवर निघतं, आपलं तोंड दिसत नसताना दुसरीच्या ओठांवर आपला आवाज बसवायचा म्हणजे काय हे तुला सांगावं लागणार नाही.

आणि तो लुई बी. मेयरला भेटायला गेल्याचा किस्सा! एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओचा सर्वेसर्वा, वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात उतरलेला, आणि तू व तुझी आई जाताना तुला अगदी त्यांची गाजलेली नटी एलिझाबेथ टेलर हिच्यासारखं नटवलेलं, केस तसे, भुवया तशा, कमर आवळलेली. त्याने बघितलं आणि म्हणाला की ही तर स्पॅनिश एलिझाबेथ टेलर. झालं, कॉन्ट्रॅक्ट. लोक हा किस्सा हसत सांगतात, तूही हसतेस, पण मला त्यात ती शिवणकाम करणारी आई दिसते जी लेकीला स्वतःसारखी नाही, दुसरीच कोणीतरी बनवून नेते, कारण रोसिता म्हणून दारातून आत घेणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे स्टुडिओने रोसिताची रिटा केली, मोरेनो हे सावत्र वडिलांचं आडनाव आधीच लागलेलं होतं.

'सिंगिंग इन द रेन' मध्ये (१९५२) तू झेल्डा झँडर्स आहेस, छोटासाच रोल, पण तिथे तुला कुठलाच देश चिकटवलेला नाही, तू नुसती एक चुरचुरीत नटी आहेस आणि किती खूश दिसतेस! ते बघून वाटलं की हेच चालू राहिलं असतं तर. नाही राहिलं. 'द किंग अँड आय' मध्ये (१९५६) तू बर्माची टपटिम, बाकी सिनेमांत अनवाणी, डोळे मोठे करून, गोऱ्या हिरोसाठी झुरणाऱ्या मुली.

मग 'वेस्ट साइड स्टोरी', १९६१, न्यूयॉर्कमधल्या गोऱ्या आणि पोर्तो रिकन पोरांच्या टोळ्यांची म्युझिकल. त्यात तू पोर्तो रिकन अनिता. तू म्हणतेस की अनिता हीच तुझी पहिली आदर्श, कारण त्याआधी तुला कोणी स्वाभिमान असलेली, स्वतःचं मत असलेली लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची, बाई करायलाच दिली नव्हती. गच्चीवरचं 'अमेरिका' हे गाणं मी किती वेळा बघितलं मोजलं नाही, तो जांभळा घेर, ती मान, ती टाच आपटणं, आणि सगळ्यात भारी म्हणजे नाचता नाचता तू समोरच्याला टोमणा मारतेस तेव्हाचं टायमिंग, कारण त्या गाण्यात नाच जितका आहे तितकीच कॉमेडी आहे आणि हे फार कमी लोक बोलतात. पण त्याच सिनेमात सगळ्या पोर्तो रिकन पात्रांना एकाच गडद रंगाचा मेकअप फासला होता. तू मेकअपमनला म्हणालीस की आमच्यात सगळ्या रंगांची माणसं असतात, माझा रंग हा नाही, तर त्याने उलट तुलाच विचारलं की तू वर्णद्वेषी आहेस का. आजी, साठ वर्षांनी दुसऱ्या खंडात माझ्या खुर्चीपाशी तीच डबी उघडली गेली, आणि मला तोपर्यंत वाटत होतं की हे फक्त माझ्याच बाबतीत होतंय.

९ एप्रिल १९६२ ला ऑस्कर. तू फिलिपिन्समध्ये शूटिंग करत होतीस, तिथून विमानाने आलीस, मनिलातच शिवून घेतलेला ड्रेस घालून. स्टेजवर तू जेमतेम दोन-तीन वाक्यं बोललीस आणि निघालीस, तुला अजून त्याची हळहळ वाटते म्हणे. ऑस्कर मिळवणारी पहिली लॅटिना नटी. आता दिवस पालटणार असं कोणालाही वाटलं असतं.

मला थँक्यू म्हणायचंय ते यापुढच्या गोष्टीसाठी. ऑस्करनंतर तुला आलं काय, तर परत गँगचे सिनेमे, परत तसलीच अनिता, फक्त अजून स्वस्तातली. आणि तू नाही म्हणालीस. एकदा नाही, येईल त्याला नाही, आणि मग जवळजवळ सात वर्षं हॉलिवूडचा सिनेमा नाही. हातात ऑस्कर असताना! बक्षिसं लोक मोजतात, मी ही सात वर्षं मोजते. त्यातही तू रडत घरी बसली नव्हतीस, १९६४ मध्ये लंडनला 'शी लव्हज मी' ही म्युझिकल कॉमेडी केलीस, त्याच वर्षी ब्रॉडवेला नाटक, त्याआधी १९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठीच्या त्या मोठ्या मोर्चात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग बोलले तेव्हा तू तिथे हजर होतीस, १९६५ ला लग्न, दोन वर्षांनी मुलगी. त्याआधीचं नट मार्लन ब्रँडोबरोबरचं प्रेमप्रकरण आणि जिवावर बेतलेलं ते दुखणं तू स्वतःच मोकळेपणी सांगितलंयस, मला त्यातलं एवढंच जवळ ठेवावंसं वाटतं की तू डॉक्टरची मदत घेतलीस आणि उभी राहिलीस.

मी सातव्या मोलकरणीला नाही म्हटलं तेव्हा फोनवर माझा आवाज थरथरत होता. घरचे म्हणाले वेडी आहेस का, चालून आलेलं काम. मी त्यांना तुझं नाव सांगितलं नाही, कोणाला कळलं नसतं, पण मनात म्हणत होते की तिने ऑस्कर घेऊन नाही म्हटलं, माझ्याकडे तर गमवायला तेवढंही नाही. दोन वर्षं सिरियल नाही. लहान मुलांचे नाट्यवर्ग, डबिंग, परत डबिंग.

आणि मग मला गुगी गोमेझ सापडली.

आजी, गुगीबद्दल तर तुझे पाय धरायला हवेत. ज्या उच्चाराने तुला वीस वर्षं बांधून ठेवलं तोच उच्चार तू मित्रमंडळींच्या पार्टीत गंमत म्हणून ताणून ताणून करायचीस, एक बेसूर पोर्तो रिकन गायिका, जिला पक्की खात्री आहे की ती एक दिवस ब्रॉडवेची स्टार होणार. नाटककार टेरेन्स मॅकनालींनी ते बघितलं आणि तिला नाटकात आणलं, 'द रिट्झ', १९७५, आणि तुला टोनी, म्हणजे नाटकांचा ऑस्करच, मिळाला. पुढच्या वर्षी सिनेमाही आला. काही लोक चिडले, की आपल्याच लोकांची टर उडवते, तर तू म्हणालीस की हे तसले डायलॉग लिहिणाऱ्या हॉलिवूडच्या लेखकांना मी वेडावून दाखवतेय. मी सिनेमा बघितलाय आणि मला तुझंच पटतं. गुगीला हसता हसता तिच्याबद्दल माया वाटायला लागते, कारण ती स्वतःला एका क्षणासाठीही कमी समजत नाही. उच्चार तोच, पण या वेळी दोरी तुझ्या हातात.

त्याच सुमारास तू लहान मुलांच्या 'द इलेक्ट्रिक कंपनी' या टीव्ही कार्यक्रमात ओरडून सगळ्यांना बोलवायचीस, त्याच्या रेकॉर्डला १९७२ चा ग्रॅमी, म्हणजे संगीताचं बक्षीस, आणि बाहुल्यांच्या 'मपेट शो' साठी १९७७ चा एमी, म्हणजे टीव्हीचं. तिथे तू अगदी शांतपणे गाणं म्हणतेयस आणि मागे तो अ‍ॅनिमल नावाचा बाहुला ड्रम बडवून वाट लावतोय, शेवटी तू झांजा घेऊन त्याचं डोकंच त्यात हाणतेस! मी नाट्यवर्गातल्या पोरांना ते दाखवते, कॉमेडीत थांबायचं कधी हे त्याच्यापेक्षा चांगलं मला शिकवता येत नाही. ऑस्कर, ग्रॅमी, टोनी, एमी चारही घेणारी तू जगातली तिसरी, आणि पहिली लॅटिना.

मी गुगी बघून एक कागद घेतला आणि माझ्या वऱ्हाडीत लिहायला बसले, जनरल गावठीत नाही, दर्यापूरच्या वऱ्हाडीत. एक बाई, लग्नात निवेदन करणारी, माईक हातातून सोडत नाही, शुद्ध बोलायचा प्रयत्न करते आणि भावना आली की सरळ "मले" "तुले" वर येते. चाळीस मिनिटांचा एकपात्री. मेकअप माझा मी करते, माझ्याच रंगाचा. पुण्यातल्या पहिल्या प्रयोगाला बावीस माणसं होती आणि हसू बरोबर तिथे आलं जिथे यायला हवं होतं.

अजून दोन गोष्टी राहिल्यात. २०१८ ला तू ऑस्करच्या स्टेजवर १९६२ चाच तो मनिलाचा ड्रेस घालून आलीस, आणि नाचत आलीस, शहाऐंशी वर्षांची. आणि २०२१ चा स्पीलबर्गचा 'वेस्ट साइड स्टोरी'. १९६१ च्या सिनेमात एका दुकानात गोऱ्या टोळीतली पोरं अनिताच्या अंगावर येतात तो सीन करताना तू खरंच कोलमडून रडली होतीस, आणि साठ वर्षांनी त्याच दुकानाची मालकीण व्हॅलेंटिना म्हणून तूच मधे पडतेस आणि नव्या अनिताला त्या पोरांच्या हातून सोडवतेस. थिएटरमध्ये माझ्या शेजारच्या बाईने मला रुमाल दिला. त्या नव्या अनिताला, अरियाना डिबोजला, २०२२ मध्ये त्याच रोलसाठी ऑस्कर मिळालं आणि तू समोर बसून ऐकत होतीस तेव्हा तिने तुझे आभार मानले. तिने मानले म्हणून मलाही धीर आला.

मागच्या महिन्यात अमरावतीला प्रयोग झाला. आई पहिल्यांदा बघायला आली, पहिल्या रांगेत, नऊवारी नेसून. संपल्यावर आत आली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे तं माही सासूच होय व." आणि मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं बघितली, रंग निघतो का ते. नाही निघाला.

पुढचा प्रयोग अकोल्याला आहे. तब्येतीला जप आजी.

तुझी,
दर्यापूरची एक नात