दादा, गाडी रस्त्यावर काढू दिली नाहीत त्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे रे" म्हणून विषय संपवता, म्हणून हे लिहून काढतोय. उघडपणे लिहितोय कारण जुनी मोटरसायकल नुकतीच घेऊन तिच्याभोवती घिरट्या घालणारे माझ्यासारखे पुष्कळ असणार. प्रत्येकाला हात धरून दाखवणारा माणूस मिळतोच असं नाही.

मीटरवरचा आकडा लहान, म्हणजे गाडी चांगली, एवढाच माझा हिशोब होता. तुम्ही मीटरकडे शेवटी बघितलंत. आधी फूटरेस्टचं रबर, किकचा दांडा, हँडलच्या ग्रिप. मग म्हणालात, "आकडा खरा दिसतोय. म्हणजे गाडी बरीच उभी होती." मी खूश झालो आणि तुम्ही किल्ली खिशात घातलीत. चाललेली गाडी झिजते, ती झीज दिसते तरी. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, ग्रीस सुकतं, ब्रेक ऑइल पाणी ओढतं, आणि वरून टाकी चकाकतच असते. मी इंजिनाचा आवाज ऐकायला आतुर, आणि तुम्ही म्हणालात की गाडी थांबते कशी ते आधी बघू, चालते कशी ते नंतर.

टायरला नक्षी भरपूर होती. तुम्ही मला खाली बसवून टायरच्या बाजूवरचा कोड वाचायला लावलात. त्यातले शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3214 असेल तर 2014 सालचा 32 वा आठवडा. आमच्या टायरचं वय बघून मी गप्प झालो. नख दाबून बघितलं तर रुतेना, आणि नक्षीच्या तळाशी बारीक भेगा. असा टायर कोरड्या रस्त्यावर निभावून नेतो आणि पहिल्या पावसात दगा देतो. दोन्ही टायर बदलले, ट्यूबही नव्या घातल्या. ट्यूबवर वाचवण्यासारखं काही नसतं हे तुमचंच म्हणणं.

ब्रेकचं काम मात्र मी विसरणार नाही. हँडलवरच्या डबीचं झाकण उघडण्याआधी तुम्ही टाकीवर ओलं फडकं टाकायला लावलंत, कारण ब्रेक ऑइलचा थेंब रंग खातो. झाकण निघालं तर आत गढूळ तपकिरी पाणी. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला की कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या पकडीत, ते उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे लिव्हर थेट ग्रिपला जाऊन टेकतो. म्हणून गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी ते बदलायचंच. झाकणावर डॉट 4, म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत, लिहिलेलं होतं. त्याहून मोठा आकडा तर जास्त चांगला असेल या विचाराने मी डॉट 5 आणायला निघालो होतो, तेव्हा तुम्हीच अडवलंत. ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. डॉट 5.1 चालतं, नाव सारखं असलं तरी जात वेगळी.

मग जुनं ऑइल आणि हवा काढतानाचा तुमचा तो मंत्र: लिव्हर दाब, धर, कॅलिपरचा नट सैल, नट बंद, लिव्हर सोड. पारदर्शक नळीतून आधी काळपट ऑइल, मग बुडबुड्यांची माळ, मग एखाद-दुसरा चुकार बुडबुडा, आणि शेवटी स्वच्छ. लिव्हर हाताखाली घट्ट झाला तो क्षण माझ्या बोटांना अजून आठवतो. डबीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर हवा पुन्हा आत आणि सगळं पहिल्यापासून, हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की आता झोपेतही म्हणेन.

कोन सेटचं, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचं, तर मला नावच माहीत होतं. पुढचं चाक अधांतरी करून एका बोटाने हँडल हळूच इकडून तिकडे फिरवायला सांगितलंत. अगदी मधोमध ते खाचेत बसल्यासारखं अडकलं. वर्षानुवर्षं हँडल सरळ, खड्ड्यांचे दणके बेअरिंगच्या त्याच जागी, त्यामुळे तिथेच खळगे पडलेले. गाडी सरळ रेषेत न जाता का भरकटते ते तेव्हा उमगलं. मी विचारलं होतं, नट थोडा सैल केला तर? तुम्ही नुसतं बघितलंत. नवीन सेट बसला.

यानंतर कुठे इंजिनाची पाळी आली. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, आवाज अजिबात येत नाही म्हणून मी कौतुक केलं, तर तुमच्या कपाळाला आठी. वाजणारा टॅपेट निदान आपण सैल आहोत हे सांगतो. ताठ झालेला गप्प बसतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, त्याची उष्णता सीटवाटे बाहेर जाऊ शकत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती. पातं "अडखळत सरकलं पाहिजे, घुसवायला लागू नये आणि डुलूही नये." मला ते बोटांना कळेपर्यंत तुम्ही स्टुलावर बसून राहिलात, हातातून पान्हा घेतला नाहीत. अंतराचे आकडे मी तोंडपाठ आहेत का विचारलं, तर त्या मॉडेलचं मॅन्युअल पुढे केलंत. इतकी वर्षं हे काम करणारा माणूस आकडा बघून घेतो, हे मला फार आवडलं.

कार्ब्युरेटरचं थोडक्यात: गाडी फक्त चोकवर चालत होती, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पायलट जेट तुंबलेला. उजेडासमोर धरला तर भोकातून काही दिसेना. तार घालू दिली नाहीत, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेच्या दाबानेच तो मोकळा केला. ऑइल बदलताना ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी पेस्ट होती, चकत्या नव्हत्या, त्यामुळे तुम्ही निश्चिंत झालात. नवीन ऑइल डब्यावर जासो एमए (मोटरसायकलच्या ऑइलाचा दर्जा) बघूनच घ्यायचं, कारण क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या काही निसरड्या ऑइलांनी तो घसरतो. शिवाय थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायला लावलंत. आतला जुना गाळ पहिल्या ऑइलाबरोबर सगळा निघत नाही.

चेनला काय लावायचं यावर मात्र आपलं जमणार नाही. तुमचं जुनं जळकं ऑइल तुम्हाला लखलाभ, मी गिअर ऑइलच लावणार.

आणि खास आभार जे उघडू दिलं नाहीत त्याबद्दल. सगळं साहित्य पसरलेलंच होतं आणि मला सुरसुरी आली होती की क्लच खोलून बघू, हेड उतरवू. धूर नाही, क्लच घसरत नाही, गिअर नीट पडतात. मग तिथे पान्हा कशाला, म्हणून तुम्ही पेटी बंद केलीत. सगळं खोलून बिल वाढवणारे मेकॅनिक पाहिलेत मी. गिऱ्हाईक स्वतःच खोलायला निघालेलं असताना त्याला आवरणारे तुम्हीच.

आता गाडी पहिल्या किकला सुरू होते, दोन बोटांच्या ब्रेकवर थांबते. चार्जिंग मोजलं, इंजिन चालू असताना चौदा व्होल्टच्या आसपास येतंय, त्यामुळे बॅटरीची काळजी मिटली. उजव्या फोर्कच्या सीलखाली मात्र काल ऑइलची बारीक रेघ दिसली. नळीवर बोट फिरवलं, कुठे खरखर लागली नाही, म्हणजे नुसती सील बदलून भागावं. दोन्ही बाजूंच्या सील मागवल्यात. फोर्कच्या आतल्या, हादरे शोषणाऱ्या डँपरचा खालचा बोल्ट फिरताना आतला रॉडही फिरतो, तो धरायचं तुमचं ते लांब हत्यार लागेल. सील आल्या की फोन करतो.

तुमचा,
किल्ली परत मिळालेला