एकट्या व्हायोलिनचा ठेका कोण धरणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाश्चात्त्य संगीताच्या स्पर्धांचे आणि कार्यक्रमांचे वृत्तान्त छापून येतात तेव्हा व्हायोलिनवादकाच्या वाट्याला 'विजेचा वेग' आणि 'थक्क करणारी बोटे' हे शब्द हटकून येतात. वाजवलेली रचना जर्मन संगीतकार बाखची, एकल व्हायोलिनसाठीची असेल, तर हे कौतुक बहुधा भलत्याच गोष्टीचे असते. शिकणारी मुले ते वाचतात आणि पुढच्या खेपेस मेट्रोनोम, म्हणजे मिनिटाला ठरावीक ठोके देणारे यंत्र, आणखी दहा आकडे चढवतात. म्हणून या संगीतात लय कशी ठरते, याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

योहान सेबास्टियन बाखने तीन सोनाटा (अनेक भागांच्या वाद्यरचना) आणि तीन पार्टिटा (नृत्यांच्या चालींच्या मालिका) अशा या सहा रचनांच्या हस्तलिखितावर १७२० हे साल घातले आहे. त्यात लयीचा एकही आकडा नाही. मेल्झेलने मेट्रोनोमचे पेटंट घेतले तेच मुळी १८१५ मध्ये. तेव्हा छापील प्रतीत सुरुवातीला मेट्रोनोमचा आकडा दिसला, तर ती नंतरच्या संपादकाची भर समजावी. परीक्षेच्या तयारीत तो आकडा ब्रह्मवाक्य होऊन बसतो, याची आम्हाला फार चीड आहे.

हस्तलिखिताच्या शीर्षकातच 'सेन्झा बासो', म्हणजे खर्जाच्या साथीशिवाय, असे शब्द आहेत. त्या काळच्या इतर व्हायोलिन सोनाटांना हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखे जुने वाद्य) आणि चेलोचा आधार असे. आपल्याकडे गायकामागे तबला असतो, सम कुठे पडली ते श्रोत्यालाही कळते. इथे यातले काहीच नाही. पण खर्जच नाही असे समजू नये. तो त्याच चार तारांत विखरून ठेवला आहे आणि ऐकणाऱ्याला तो मनात जोडता आला पाहिजे. आमच्या मते लयीची पहिली कसोटी हीच. फार संथ गेले तर खालचा एक सूर विसरला गेल्यावर दुसरा येतो. फार जलद गेले तर तो सूर उमटायला गजाला वेळ मिळत नाही.

जी मायनर सोनाटातला पहिला अडाजिओ, म्हणजे संथ भाग, घ्या (जी मायनर, ई मेजर ही पाश्चात्त्य स्वरपट्ट्यांची नावे). अवघे २२ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट), पण पान बारीक नोटांनी काळे झालेले. विद्यार्थी ते पाहून घाबरतो, एकेक नोट मोजू लागतो आणि लय गळून पडते. त्याने आधी कागदावर फक्त तळाचे सूर उतरवावेत, हार्मोनियमवर ते एकामागून एक दाबावेत आणि वरची चाल नुसती गुणगुणावी. कोणत्या लयीत दोन खालच्या सुरांमधले अंतर एका श्वासात पार होते, ते दहा मिनिटांत उमगते. मग क्वेव्हर, म्हणजे अर्धी मात्रा, इथे बारचा आठवा भाग, मिनिटाला किती पडतो ते मोजावे. २२ बार म्हणजे १७६ क्वेव्हर. मिनिटाला ५४ धरले तर सगळा अडाजिओ सव्वातीन मिनिटांत होतो, ४० धरले तर जवळजवळ साडेचार. या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बहुतेकांचे उत्तर सापडते. त्या काळ्या नोटा म्हणजे लिहून काढलेली आलंकारिक सजावट आहे. ज्या जागा इतर संगीतकार वादकावर सोडत, त्या बाखने स्वतः भरून ठेवल्या. त्या गणिताने तंतोतंत मोजून वाजवल्या की पाढे म्हटल्यासारखे वाटते.

दुसरा आधार नाडीचा. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेटचे बासरीशिक्षक क्वांट्झ यांनी १७५२ च्या ग्रंथात निरोगी माणसाची नाडी मिनिटाला सुमारे ८० धरून प्रत्येक प्रकारच्या रचनेचा वेग सांगितला. चार मात्रांच्या बारमध्ये आलेग्रो असाई (खूप जलद) असेल तर अर्ध्या बारला एक ठोका, आलेग्रेट्टोत (बेताच्या जलद चालीत) प्रत्येक क्रॉचेटला म्हणजे मात्रेला एक, गाणाऱ्या अडाजिओत प्रत्येक क्वेव्हरला एक. नृत्यांचेही तसेच: साराबांदला मात्रेला एक ठोका, मिनुएटमध्ये दोन मात्रांना एक, बुरेला अख्ख्या बारला एक. हे कोष्टक हाती आले की काहींना कुलूपकिल्लीच सापडल्यासारखे वाटते, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

कारण क्वांट्झच्या मते शाकोन या नृत्यात ठोक्याला दोन मात्रा, म्हणजे मिनिटाला १६०. बाखच्या डी मायनर पार्टिटातला शाकोन २५७ बारांचा, तीन-तीन मात्रांचा. एकूण ७७१ मात्रा. क्वांट्झच्या हिशेबाने तो पाच मिनिटांच्या आत संपायला हवा! त्यातल्या सर्वांत बारीक नोटा मात्रेला आठ पडतात. त्या वेगाने सेकंदाला एकवीस वाजवाव्या लागतील. क्वांट्झ ज्या शाकोनविषयी सांगतात, तो फ्रेंच धाटणीचा नाचाचा आहे. बाखने घेतले ते नाव, ठेक्याचा सांगाडा आणि दुसऱ्या मात्रेवरचा जोर; आत भरले आहे ते वेगळेच. मात्रा मिनिटाला ६० ठेवली तर तेरा मिनिटांना थोडे कमी, ५४ ठेवली तर सव्वाचौदा. या पट्ट्यात तळाची ओळही राहते आणि बारीक नोटाही स्वच्छ येतात. सोळा मिनिटे लावणाऱ्याची लय ४८ वर आलेली असते. तेवढ्या संथ लयीत दुसऱ्या मात्रेवरचा जोर टिकवणे फार थोड्यांना जमते.

असाच दुसरा सापळा कूरांत या नृत्याचा. क्वांट्झचा भारदस्त वेग फ्रेंच कूरांतसाठी आहे. बाखने या पार्टिटांत 'कोरेन्ते' असे इटालियन नाव लिहिले आहे आणि ती चाल धावती आहे.

आता वेगाकडे वळू. त्याच क्वांट्झने लिहून ठेवले आहे की नाडीच्या एका ठोक्यात आठपेक्षा जास्त जलद नोटा गजाने वाजत नाहीत. म्हणजे सेकंदाला साधारण साडेदहा. ही कमाल झाली. आरामाची हद्द आम्ही सेकंदाला आठ धरतो, आणि गंमत म्हणजे तीन वेगवेगळ्या ठिकाणी हाच आकडा जुळतो. ई मेजर पार्टिटाचा प्रेल्युडिओ (सुरुवातीचा भाग) मात्रा १२० ला, जी मायनर सोनाटाचा प्रेस्टो (अतिजलद भाग) बार ८० ला, आणि शाकोनमधल्या बारीक नोटा मात्रा ६० ला. तिन्हीकडे सेकंदाला आठच नोटा. प्रेल्युडिओ १३८ बारांचा आहे, १२० ला साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर होतो. तो १३२ ला वाजवणारे पुष्कळ आहेत आणि काहींना ते शोभतेही. पण लय पहिल्या दोन बारांवरून ठरवू नये. सतराव्या बारापासून मोकळ्या ई तारेभोवती गज तीन तारांवर आलटूनपालटून फिरतो, तिथे सगळे कळते. उजवा कोपर वर-खाली हलू लागला, मोकळी तार बाकीच्या सुरांना गिळू लागली, की वेग जास्त झाला. त्या जागेला मनगटातून सहज जमेल ती लय घ्यावी, आणि तीच मागे नेऊन पहिल्या बारला लावावी. अवघड जागेपासून उलट येण्याची ही रीत कुठल्याही रचनेला लागू पडते. लेओपोल्ड मोझार्टनेही १७५६ च्या व्हायोलिनच्या पाठ्यपुस्तकात म्हटले आहे की प्रत्येक रचनेत असा एखादा तरी तुकडा असतो, ज्यावरून तिची खरी लय ओळखता येते.

प्रेस्टोविषयी एक बारीक पण महत्त्वाची खूण. तो तीन-आठच्या मापात, म्हणजे बारला तीन क्वेव्हर, असा आहे, आणि हस्तलिखितात बाखने बारच्या रेघा एकाआड एक अपुऱ्या ओढल्या आहेत. म्हणजे दोन बार मिळून एक वाक्य समजायचे. सराव करताना मेट्रोनोम प्रत्येक मात्रेला लावला तर वादन शिवणयंत्रासारखे होते. तो दोन बारांना एकदा वाजू द्यावा. बार ८० असेल तर मेट्रोनोम ४० वर येतो. जुन्या चावीच्या मेट्रोनोमवर बहुधा तोच सर्वांत खालचा आकडा असतो, त्याहून संथ हवे असेल तर मोबाइलवरचा घ्यावा. सुरुवातीला दोन ठोक्यांमधल्या पोकळीत लय निसटते. ती कुठे निसटते हे कळणे हाच सराव.

निसटण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. तार बदलण्याच्या जागी वादक पळतो, कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजवायच्या तीन-चार सुरांवर, अडखळतो. फ्यूगमध्ये, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते त्या रचनेत, हे सर्वाधिक दिसते. व्हायोलिनचा ब्रिज, म्हणजे तारांखालची घोडी, गोलाकार, त्यामुळे चार सूर एकदम वाजत नाहीत. खालचे दोन आधी, वरचे दोन मागून. त्या मोडण्यात लागणारा वेळ कोणीतरी भरायला हवा. खालचे सूर मात्रेच्या जरा आधी टाकले तर वरची चाल वेळेवर येते. मात्रेवर सुरुवात केली तर प्रत्येक कॉर्डला थोडे थोडे उशिरा होते, आणि सी मेजरच्या ३५४ बारांच्या फ्यूगमध्ये ही उधारी बघता बघता फुगते. शाकोनमध्ये मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पहिले आठ बार आणि शेवटचे आठ बार यांना लागलेले सेकंद ताडून पाहावेत. मेजरचा भाग सुरू होताच बहुतेकजण भावुक होऊन लय सोडतात, मायनरला परतल्यावर ती भरून काढायला धावतात. सेकंद खोटे बोलत नाहीत.

बी मायनर पार्टिटात प्रत्येक नृत्यामागे 'डूब्ल' येतो. आपल्या दुगुनीशी त्याचे नाते बरेच जवळचे: हार्मनीचा, म्हणजे कॉर्डच्या क्रमाचा, सांगाडा तोच, मधल्या जागा बारीक नोटांनी भरलेल्या. म्हणून आधीच्या नृत्याची लय निवडतानाच डूब्ल गुणगुणून पाहावा. अल्लेमांडा हे पहिले नृत्य रेंगाळत वाजवायचा आणि डूब्ल एकदम जलद, हे ऐकले की दोन वेगळ्या रचना एकाला एक चिकटवल्यासारखे वाटते. कोरेन्तेच्या डूब्लवर मात्र बाखने स्वतःच 'प्रेस्टो' लिहिले आहे, तिथे मोकळीक आहे.

बाखच्या निधनानंतर १७५४ मध्ये छापलेल्या मृत्युलेखात, जो त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल आणि शिष्य आग्रिकोला यांनी लिहिला, त्याची लय सहसा फार चैतन्यपूर्ण आणि अत्यंत निश्चित असे म्हटले आहे. वेगवाले यातला अर्धाच शब्द उचलतात. निश्चितपणा राहून जातो.

राहिला प्रश्न जागेचा आणि हवेचा. गोव्यातल्या उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये एक टाळी वाजवून ती विरायला किती सेकंद लागतात ते मोजावे. तीन सेकंद लागत असतील आणि हार्मनी अर्ध्या सेकंदाला बदलत असेल, तर सहा कॉर्ड एकमेकांत मिसळून ऐकू येणार. तिथे लय पाच ते आठ टक्के उतरवावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोटा थोड्या आखूड कराव्यात. गालिचे आणि गुबगुबीत खुर्च्या असलेल्या वातानुकूलित सभागृहात उलट: अडाजिओत भोके पडतात, म्हणून तो किंचित पुढे सरकवावा. दमट हवेत गजाचे केस ताणून लांबतात, गजातला चपळपणा जातो. आतड्याच्या तारा असतील तर त्याही सुरात राहत नाहीत. कोकण-गोव्यात पावसाळ्यात प्रेस्टो चार-सहा आकडे खाली घेण्यात कमीपणा नाही. तालीम रिकाम्या सभागृहात होते, तेव्हा हेही ध्यानात ठेवावे की लोक भरले की तेवढाच आवाज शोषला जातो आणि दुपारी संथ घेतलेली लय संध्याकाळी आपोआप दोन-तीन आकडे वर जाते. ती जाऊ द्यावी.

आपले,
व्हायोलिनचे दोन शिक्षक, पुणे