मिरीला गांजाच्या पंगतीला बसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मिरीवरचा लेख वाचला. कॅरियोफिलीन हे वासाचं द्रव्य गांजात असतं, मिरीतही असतं, म्हणून मिरीत ‘थोडी नशा’! मग रविवार पेठेत मसाल्याची पोती उतरवणारे हमाल रोज संध्याकाळी झिंगलेले दिसायला हवेत.

नशा येते गांजातल्या टीएचसी या द्रव्याने. ते मेंदूतल्या सीबी-वन ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या रसायन धरणाऱ्या खाचेला, चिकटतं. कॅरियोफिलीन धरतं सीबी-टूला, आणि ते ग्राही मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतं. हे 2008 मध्येच छापून आलंय. त्याच प्रयोगात उंदरांच्या पायाची सूज उतरली, ती वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमला. तेवढ्यावर तुमचे लेखक गुडघेदुखीला ‘रोज चार दाणे’ सांगून मोकळे! मिरीत सुगंधी तेल साधारण 3 टक्के, त्यात कॅरियोफिलीन पाव भाग धरा. म्हणजे ग्रॅमभर मिरीत साडेसात मिलिग्रॅम. उंदराचा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागत नाही. तरी लावलाच, तर 60 किलोच्या माणसाला 40 ग्रॅम मिरी. लेखकमहाशयांनी खाऊन दाखवावी.

‘कॅरियोफिलीन 130 अंशांना उडतं, फोडणीत घालू नका’ हेही तसंच. तो आकडा हवेचा दाब खूप उतरवून घेतलेला आहे. उघड्यावर कॅरियोफिलीन 260 च्या आसपास उकळतं. दळलेल्या मिरीतून आधी जातात ते पायनीन, लिमोनीन असे हलके भाऊबंद. म्हणून शिळ्या पुडीचा वास जातो, तिखटपणा राहतो. तो पाइपरीनचा, ते उडत नाही.

वाफेवर मिरीचं तेल काढणाऱ्यांना तर ‘मैद्यासारखी दळा’ असा सल्ला! तशी दळली की गोळा बसतो, वाफ एखाद्या भोकातून निघून जाते आणि बाकीच्या मालाला लागतच नाही. भरडच हवी. आधी हलकं तेल उतरतं. तिथेच जाळ काढला तर कॅरियोफिलीन बरंचसं भांड्यातच राहतं. तेल गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावं. हवा राहिली की कॅरियोफिलीनचं ऑक्साइड होतं. (पोलिसांची कुत्री गांजा हुंगतात ती या ऑक्साइडच्या वासावर. हे मात्र लेखात नाही.)

जाता जाता, ‘गांजाचं पान’ म्हणून छापलेला फोटो अंबाडीचा आहे. गांजाची पाती देठापर्यंत सुटी असतात, अंबाडीची तळाशी जोडलेली. आमच्याकडे पुंडी, म्हणजे हीच अंबाडी, बांधाबांधावर असते. उद्या कुणी हवालदार तुमचं कात्रण घेऊन शेतात उभा राहिला, तर जामिनाला संपादकांनीच यावं.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)