आबांना आगर सापडलं

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१९ एप्रिल, रविवार रात्र

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आबा रमले का रे तिकडे?" आणि मी "हो, हळूहळू" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आज आहे, आणि ते फोनवर मावणारं नाही. सगळी निजलीत, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आई गेल्यावर त्यांना इथे आणलं खरं, पण दोन महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीतच होते. कुठे जायचं म्हटलं की आधी तिकीट विचारायचे, मनातल्या मनात त्याचे रुपये करायचे आणि म्हणायचे, "तुम्ही जाऊन या, मी घर राखतो." मत्स्यालयाचा आकडा ऐकून तर त्या दिवशी नीट जेवलेही नाहीत. त्यांना कंजूष म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांनी पैसा डोक्यावरच्या मिठाच्या पाटीतून उचललेला मी पाहिलाय, तूही पाहिलायस.

मग हेमाला डॉन एडवर्ड्स अभयारण्य आठवलं. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण टोकाला पसरलेलं, ३० हजार एकरांच्या आसपासचं, सरकारी. आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. आत जायला तिकीट नाही, गाडी लावायचे पैसे नाहीत. "फुकट?" आबांनी दोनदा विचारलं आणि चपला घातल्या. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि चिऊसाठी दहीभात, एवढं घेऊन निघालो.

माहिती केंद्र एका टेकाडावर आहे. टेकाडाच्या उतारावर नारिंगी पॉपी फुलल्या होत्या, चिऊ तिथेच अडकली. आबा मात्र कड्याला जाऊन उभे राहिले. खाली खाडी, डावी-उजवीकडे चौकोनी पाणी, त्यांच्यामधून गेलेले मातीचे बांध, लांबवर डंबार्टन पूल. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला हाक मारून म्हणाले, "आरं, ह्ये तं आगर हाय!"

बाळू, मला काय आठवलं सांगू? ते आले त्या दिवशी विमानतळावरून घरी येताना गाडीत म्हणाले होते, "उतरताना खाली मिठागरं दिसली, गुलाबी पाण्याची." आम्हाला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. "हो का?" म्हणालो आणि विषय बदलला. दोन महिने ते त्यांच्या मनात होतं आणि आम्ही कोणी ऐकलंच नव्हतं. आज ते आठवून फार लागलं.

आणि होतीच ती मिठागरं. या खाडीत १८५४ पासून मीठ पिकवतात, शेजारच्या न्यूअर्कला अजूनही निघतं. गुलाबी रंगसुद्धा खरा. खारेपण वाढत जातं तशी पाण्यातली वस्ती बदलते. आधी हिरवं शेवाळ, मग बारीक खारकोळंबी आणि शेवटी, मीठ धरायच्या बेताला, गुलाबी-तांबडा रंग देणारे जीव. केंद्रातल्या स्वयंसेवक बाईंनी एका बशीत खारकोळंबी ठेवली होती. चिऊने भिंगातून पाहिली आणि मग आजोबांना ओढून आणलं.

तिथून पुढचा तास मी फक्त दुभाषा होतो. बाईंनी सांगितलं की खाडीचं पाणी आत घेतल्यापासून मीठ हाती यायला साधारण पाच वर्षं लागतात, पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात सरकत राहतं. आबा म्हणाले, "पाच वर्षं? आमच्याकडे दिवाळीनंतर कामाला लागायचं आणि पावसाच्या आत मीठ उचलायचं, नाहीतर चार महिन्यांचा पाऊस सगळं धुऊन नेतो." वाफ्याची जमीन पायांनी तुडवून कशी टणक करतात, ते त्यांनी तिथेच फरशीवर पाय आपटून दाखवलं. बाईंनी वही काढली, बाळू. आबांचं बोलणं कुणीतरी लिहून घेत होतं.

जेवण झाल्यावर बांधावरून फिरायला निघालो. दुपारचं वारं सुटलं होतं. आबांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, "कच्चं आहे अजून." उथळ पाण्यात शेकाटे होते, आपल्यासारखेच लांब गुलाबी पायांचे, फक्त मानेला काळा पट्टा. उचाटे होते, चोच वर वळलेली, डोकं-मान विणीच्या रंगात तांबूस झालेली. काठाला आपल्या मोरसासारखी मांसल, खारट झुडपं असतात. त्यांच्यात एक इवलासा उंदीर राहतो, पोटाला तांबूस, आणि तो या खाडीखेरीज जगात कुठेच नाही. चिऊ खाली बसून त्याला शोधत राहिली. तो दिसला नाही. आपण निवट्या माशांमागे चिखलात लोळायचो तसं तिला इथे लोळता येत नाही, वाट सोडायची नाही असा नियम आहे. मला क्षणभर वाईट वाटलं, पण नियम बरोबर आहे.

पुढे एका पाटीपाशी मात्र आबा अडले. मी वाचून दाखवलं. मिठासाठी बांध घालता घालता खाडीकाठचं बहुतेक खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणारी दलदल, गेलं होतं. इथल्या साध्या लोकांनी ते वाचवायला वर्षानुवर्षं तगादा लावला, १९७२ मध्ये अभयारण्याचा कायदा झाला. फ्लॉरेन्स लारिव्हिएर नावाच्या बाई त्यात पुढे होत्या, तिथल्या एका खाजणाला त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं आडनाव दिलंय. मग २००३ मध्ये मिठागरांची १५ हजार एकरांहून जास्त जमीन विकत घेतली गेली, आणि तेव्हापासून काही बांध मुद्दाम फोडतात, भरतीचं पाणी आत यावं म्हणून.

"मुद्दाम?" आबांनी विचारलं. "खांड मुद्दाम पाडतात?"

तुला कळेल त्यांना काय वाटलं असेल. या माणसाने उधाणाच्या रात्री कंदील घेऊन खांडी बुजवल्यात. तुझे वडील आणि ते कमरेएवढ्या पाण्यात हाताला हात धरून उभे होते, ती गोष्ट आपण किती वेळा ऐकली! मी सांगितलं की सगळे बांध नाही फोडत, काही तळी पक्ष्यांसाठी तशीच ठेवतात, दरवाज्यांनी पाणी कमी-जास्त करतात. ते ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. मग फोडलेल्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, "गाळ येऊन बसला पाहिजे आधी. गाळ बसल्याशिवाय काही उगवणार नाही." परत आल्यावर बाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगदी हेच. आम्ही गाळाचीच वाट बघतो."

आपल्या गावची आगरं गेली तेव्हा तिथे भराव पडला आणि वर कंटेनर उभे राहिले. इथे आगर सोडलं तर तिथे पाणी परत आलं. आबा हे तोंडाने बोलले नाहीत. मी बोलतोय, आणि मला ते सलतंय.

येताना गाडीत चिऊ त्यांच्या खांद्यावर झोपली. ते मात्र जागे होते, खिडकीबाहेर बघत. घरी आल्यावर म्हणाले, "पुढच्या रविवारी ओहोटी किती वाजता आहे बघ." हेमाने लगेच फोनवर काढून दिली.

आता त्यांचा निरोप, त्यांनी दोनदा बजावलाय. तुझ्या खारजमिनीच्या उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाज्याचं, डावीकडचं झाप गेल्या वर्षी फुगलं होतं. मे संपायच्या आत ते काढून बघ, आणि बांधाला गेल्या उधाणात जिथे खांड पडली तिथली माती कोरडी असतानाच चोप, ओली झाल्यावर नको. काम झालं की फोटो पाठव. मला नको पाठवूस, त्यांनाच पाठव. फोटो कसा उघडायचा ते चिऊने त्यांना शिकवलंय.

तुझा,
नंदू