मोरीखालचे मासे

इसाक्वा, वॉशिंग्टन
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू जे हसलास ते अजून कानात आहे. "माशांना घरी जाता यावं म्हणून सरकार पैसे देतं? इथे माणसांना घरी जायला रस्ता नाही!" मला पटकन उत्तर सुचलं नाही, तेवढ्यात वहिनींनी तुला जेवायला हाक मारली. म्हणून हे पत्र. तू बांधकाम खात्यात जन्मभर रस्त्यांखाली मोऱ्या टाकल्यास, तुला हे माझ्याआधी कळेल.

आमच्या गावातून एक ओढा वाहतो. पानं पिवळी पडायला लागली की त्यात सॅमन चढतात. मृगाच्या पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला आपण बांधावरून पळायचो ना, तसंच दृश्य. फक्त मासा हातभर लांब आणि धरायची सोय नाही! काही वर्षं समुद्रात काढून हा आपल्या जन्मीच्या ओढ्यात परत येतो. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, अंडी घालते, आणि मग नर-मादी दोघंही मरतात. त्या दिवसांत काठावर उभं राहवत नाही. लेकीने पहिल्या वर्षी नाक दाबलं होतं. आता तीच मला शिकवते की काठची झाडं या सडक्या माशांवर पोसतात.

आता मोरी. आपण पाइप टाकतो तो पाण्यासाठी. पाणी गेलं की काम झालं, बिल निघालं. इथेही वर्षानुवर्षं तेच. पण अरुंद पाइपातून पाणी जोरात सुटतं, खालच्या तोंडाशी माती खणत जातं, आणि काही वर्षांनी पाइपाचं तोंड हवेत लटकतं. मोठा मासा एखादे वेळी उडी मारेल, बोटाएवढं पिल्लू कुठून मारणार? वरचा ओढा चांगला असूनही ओस पडतो.

आणि हे पैसे दयेपोटी दिलेले नाहीत. १८५०च्या दशकात इथल्या आदिवासी जमातींनी जमिनी सोडल्या, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क करारात लिहून घेतला. तो शंभरेक वर्षं कागदावरच राहिला. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला, निम्मा मासा त्यांचा. पुढे जमातींनी विचारलं, मासाच उरला नाही तर निम्मा कशाचा? २०१३ मध्ये कोर्टाने राज्याला मोऱ्या बदलायला लावल्या. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे २०१८ साली चार विरुद्ध चार! नववे न्यायमूर्ती पूर्वी याच प्रकरणात बसलेले, म्हणून बाजूला झाले होते. बरोबरी झाली की खालचा निकाल कायम. मुदत २०३०ची, खर्च अब्जावधी डॉलर. थकलेलं देणं आहे, सुधीर, तेही व्याजासकट.

याशिवाय लहान कामांचा पैसा वेगळा. १९९९ साली राज्याने त्यासाठी मंडळ नेमलं, २००० साली अमेरिकी काँग्रेसने किनारपट्टीच्या राज्यांसाठी निधी काढला. ही कामं करणाऱ्या संस्थांनी साधारण पंधरा टक्के वाटा स्वतः उभा करायचा. त्यात श्रमदानही धरतात. मागच्या शनिवारी मी ओढ्याकाठच्या चिखलात उकिडवा बसून विलो झाडाच्या फांद्या खोचल्या, त्याचे तास कुणीतरी वहीत लिहून घेतले. कंबर अजून धरलेली आहे, ती मात्र कुणी मोजली नाही.

उन्हाळ्यात एल्व्हा नदीवर गेलो होतो. समुद्रापासून आठेक किलोमीटरवर १९१३ साली धरण बांधलं, माशांना वाट न ठेवता. १९२७ मध्ये वर आणखी एक. दोन्ही काढायचा कायदा १९९२चा, प्रत्यक्ष पाडायला सुरुवात २०११ मध्ये. एकूण खर्च सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर. पाणी उतरल्यावर तिथले आदिवासी क्लॅलम लोक जी आपली उत्पत्तीची जागा मानतात, तो खडक उघडा पडला. मासे वाढावेत म्हणून त्यांनी नदीत जाळं टाकणंच थांबवलं होतं. २०२३ साली थोडे कोहो सॅमन धरायला त्यांना पुन्हा मुभा मिळाली. मी काठावर बराच वेळ नुसता उभा होतो. जलाशयाच्या जागी आता कोवळं रान आहे.

सगळं छान चाललंय असं समजू नकोस. २०२० साली शोध लागला की टायर झिजून रस्त्यावर उरलेलं एक रसायन पावसाबरोबर ओढ्यात जातं आणि कोहो अंडी घालायच्या आधीच मरतो. आणि आम्ही मासे बघायला जातो ते गाडीने.

परवापासून आपल्या शेताजवळची मोरी डोळ्यांसमोर येते. तिच्या खालच्या तोंडाशी आपण आईचं जुनं लुगडं धरून बसायचो आणि म्हणायचो, नशीबवान जागा, मासे इथेच सापडतात. का सापडायचे ते आत्ता कळतंय. माणगावला जाशील तेव्हा टेप घेऊन जा आणि तिथे किती उंचीची पायरी पडली आहे ते मोजून कळव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप