भुईकोटाला मागाची जोड हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या विकासाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे रोषणाई, बाग आणि कारंजे यांच्यापुढे सहसा जात नाही. मुलाकडे जर्मनीला गेलो असताना पाहिलेल्या आल्टेना या गावाची आठवण मला अशा वेळी हटकून होते.

लेने नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेल्या या गावाची वस्ती सुमारे १७ हजार आहे आणि माथ्यावर बाराव्या शतकातील किल्ला आहे. चिलखताच्या कड्यांना आणि पुढे सुयांना लागणारी तार ओढणे हा तिथला पिढीजात धंदा. तो आता पूर्वीइतका राहिलेला नाही, वस्तीही गेल्या पन्नास वर्षांत बरीच घटली आहे; तरी गावाने किल्ला आणि धंदा यांची फारकत होऊ दिली नाही. किल्ल्याजवळच तारेचे संग्रहालय आहे. १९६९ मध्ये आल्टेनात सामील झालेल्या एव्हिंग्सेन या खेड्यात पाणचक्कीवर चालणारा तार ओढण्याचा जुना कारखाना जपला आहे, त्यामुळे किल्ला पाहायला आलेला माणूस खेड्यापर्यंत जातो. २०१४ मध्ये डोंगराच्या पोटातून किल्ल्यावर जाणारी लिफ्ट झाली, तेव्हा तिचे प्रवेशद्वार खाली गावातच ठेवले गेले. प्रवाशाची पावले बाजारपेठेत वळावीत, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटला.

मी शिक्षक होतो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. १९०९ मध्ये रिचर्ड शिरमान हे आल्टेनाचे शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले आणि एका शाळेत त्यांनी रात्र काढली. मुलांसाठी स्वस्त मुक्कामाची सोय असावी, ही कल्पना त्यांना तिथे सुचली आणि पुढे याच किल्ल्यात जगातील पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह उभे राहिले. मुलांचे ते जाडजूड लाकडी पलंग आजही तिथे पाहायला मिळतात.

आपल्या सोलापूरकडे काय कमी आहे? सिद्धेश्वर तलावाच्या काठी बहामनी काळातील किल्ला आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली चादर आहे, शहराच्या पूर्व भागात माग चालवणारे हात अजून आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमा-सीनेच्या संगमावर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तो न पाहताच शाळा सोडलेली सोलापूरची मुले मला माहीत आहेत, आणि त्यात माझे विद्यार्थीही आहेत, याची खंत वाटते.

किल्ला संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. किल्ला आणि विणकाम यांची सांगड घालण्यासाठी किल्ल्याला हात लावण्याची गरजही नाही. बंद पडलेल्या एखाद्या गिरणीच्या शेडमध्ये चालते हातमाग आणि नक्षी विणणारे जेकार्डचे माग मांडावेत, ते दाखवण्याचे काम मानधन देऊन जुन्या विणकरांकडेच सोपवावे, आणि शेजारी शालेय सहलींसाठी माफक दरात मुक्कामाची सोय करावी. महापालिका आणि जिल्हा प्रशासनाने निदान सुट्टीच्या दिवशी किल्ला, हे मागघर आणि कुडल यांना जोडणारी एक बस यंदाच्या सहलींच्या हंगामापासून सुरू करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर